झुंबररावांची सराय

तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात झुंबर शेळके स्टोअरकीपर आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये ड्रमांची राखण करणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख. गावी आष्टीला कुणी विचारलं तर बायको साखरबाई आवाज खाली आणून सांगायच्या, "शेडमधी असत्यात." पण कुंभवलीच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत एक जाडजूड वही आहे, आणि तिच्यापुढे भल्याभल्या पंडितांनी पाणी भरावं.

दहावी होऊन आलेला हा गडी रशियन शिकला तो ड्रमवरची लेबलं वाचून, कारण माल तिकडेच जायचा. पुढे फूटपाथवर एक फाटका रशियन कोश हाती लागला आणि झुंबररावांना नादच लागला. परक्या मुलखांतून जुन्या काळी रशियनमध्ये शिरलेले शब्द हुडकायचे आणि आपल्याकडे त्यांचं कुणी नातलग आहे का ते बघायचं. रशियन 'अंबार' म्हणजे कोठार, आपल्या गडांवरच्या अंबारखान्यातलं. 'सुंदूक' म्हणजे आपली संदूक. सुटकेसला ते 'चिमदान' म्हणतात, त्यात फारसी जामा, म्हणजे कपडा, आणि अत्तरदाणीतली दाणी लपलेली! हे सापडलं तेव्हा ते साखरबाईंना सांगायला स्वयंपाकघरात धावले.

"नाव कायबी असंना," साखरबाई म्हणाल्या, "भरून मलाच द्यायची हाय."

गेल्या हिवाळ्यात रशियाहून खरेदीदार बाई तीन दिवसांसाठी माल तपासायला आल्या. कार्यक्रमाच्या कागदावर त्यांनी पेनाने दोन शब्द खरडले होते. मोबाइलला ते अक्षर लागेना. धाकटे मालक मितेशभाई यांनी झुंबररावांना बोलावलं. त्यांनी एका नजरेत वाचलं, 'आधी सराय'.

"म्हणजे आपली सराई, मुक्कामाची जागा," ते छातीठोकपणे म्हणाले. "बाई दमल्यात. आधी हॉटेलवर न्या."

मितेशभाईंनी बाईंना थेट बोईसरच्या हॉटेलात नेलं. तिथे बाई डोक्याला हेल्मेट आणि पायात सेफ्टी बूट घालून रिसेप्शनसमोर उभ्या! शेवटी त्यांनी मोबाइलवर शेडचा फोटो दाखवला, तेव्हा उलगडा झाला. रशियनमध्ये सराय म्हणजे शेड, खोपट.

कारखानाभर हसू झालं. 'सराईवाले काका' हे नाव संध्याकाळच्या बसपर्यंत पोचलं. मितेशभाई हसले नाहीत, ते जास्त लागलं. "काका, यापुढे रशियन कागदाला हात लावू नका," एवढंच म्हणाले. पंचवीस वर्षांत कमावलेली झुंबररावांची एकुलती एक प्रतिष्ठा एका शब्दाने धुळीला मिळाली होती. घरी येऊन त्यांनी वही ट्रंकेत टाकली.

"एका शब्दापायी वही बंद करता व्हय?" साखरबाईंनी ती बाहेर काढून पुन्हा त्यांच्यापुढे आपटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते पालघरच्या वाचनालयात गेले आणि फारसी-मराठी कोश घेऊन बसले. आपण चुकलो कुठे, हे कळल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बाईंच्या निरोपाचा चहा शेडमध्येच होता. झुंबरराव वही घेऊन पुढे झाले. मितेशभाईंनी डोळे वटारले, पण काका बोलायला लागले होते. मोडक्यातोडक्या रशियनमध्ये त्यांनी आधी कबूल केलं, चूक माझी. मग वही उघडली. मूळ शब्द फारसी, अर्थ राजवाडा. आपल्याकडे आला तो उतारूंचा निवारा झाला. तुर्कांच्या वाटेने तुमच्याकडे गेला तो उतरत उतरत खोपट झाला.

बाईंनी कप खाली ठेवला. वर पत्र्याच्या छताकडे बघितलं. मग बोलल्या, आणि मितेशभाईंच्या मोबाइलने मराठी केलं, "माझी आई माझ्या पसाऱ्याला सराय म्हणून रागवायची. तो राजवाडा होता, हे मला आज इथे कळलं." त्यांनी वहीच्या त्या पानाचा फोटो मागितला. मितेशभाईंनी तो स्वतः काढून पाठवला आणि हळूच म्हणाले, "काका, पुढचे कागद आधी तुमच्याकडेच येतील."

घरी झुंबररावांनी सगळं सांगितलं. साखरबाई कणिक मळता मळता थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता.

"म्हंजी पंचवीस वर्सं म्या राजवाड्यात डबा धाडला म्हनायचं की! आता गावी कुनी इचारू तर द्या."