वेशीवरचा धम्मपाल

आमच्या पार्कात येण्याआधी धम्मपाल खिल्लारे ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळत होते. कारखाना गुजरातला गेला आणि हे तळवलीच्या भाड्याच्या घरात म्हाताऱ्या आईसोबत राहिले. वय बावन्न-त्रेपन्न, अंग काटक, गालांवर दोन खोल रेघा, नाकाचं हाड वर आलेलं. "दादा, तुमच्या तोंडाची माणसं पनवेल स्टँडवर पैशाला पासरी मिळतील," असं मी त्यांना चिडवायचे. ते हसून म्हणायचे, "मिळतील ना ताई. समदी हिंगोलीच्या गाडीतून उतरलेली."

मी राइडच्या कंट्रोल केबिनमध्ये बसते. समोर पडदे असतात, त्यांवर आतल्या प्रत्येक देखाव्याचं चित्र दिसतं. कोण गाडीत उभं राहतंय, कोण सेल्फीसाठी बाहेर झुकतंय, कोणाचं पोर भोकाड पसरतंय हे बघायचं आणि वेळ पडली तर लाल बटण दाबायचं. नोकरी कंटाळवाणी आहे आणि मी कंटाळल्याचं लपवत नाही.

राइडचं नाव 'हरवलेलं गाव'. उलव्याच्या पुढे, जिथे विमानं डोक्यावरून खाली उतरतात, तिथे पत्र्याचा एक अवाढव्य डबा उभा केलाय आणि आत जुनं खेडं वसवलंय. बैल नसलेल्या बैलगाड्या आहेत, त्यांना रूळही नाहीत. जमिनीखालच्या तारांवरून वाट ओळखत त्या आपल्या आपण चालतात. पडद्यावर सूर्य उगवतो, भिंतीतल्या नळ्यांतून सारवलेल्या अंगणाचा वास सोडतात आणि हलती-बोलती माणसं गोष्ट सांगतात. ही माणसं म्हणजे लोखंडी सांगाडा, हवेच्या दाबावर चालणारे सांधे आणि वरून रबरी कातडी. आम्ही त्यांना बाहुले म्हणतो. स्टोरी हेड मनाली मॅडम लगेच दुरुस्त करतात, "कॅरेक्टर म्हणा." त्यांचं म्हणणं, नुसती गाडी फिरवण्याचे दिवस गेले, आता पब्लिकला गोष्टीच्या आत नेलं पाहिजे. त्यासाठी त्या परदेशात जाऊन शिकून आल्यात. आपलं गाव कसं होतं हे शिकायला मात्र त्या कुठे गेल्या नाहीत.

गोष्ट अशी की तुम्ही पाहुणे म्हणून गावच्या वेशीवर येता. दरवाजा बंद असतो, गाडी थांबते. खांद्यावर काळी घोंगडी आणि हातात घुंगुरकाठी घेतलेला राखणदार कमरेत वाकतो, "जोहार, मायबाप" म्हणतो आणि दरवाजा उघडतो. मग पाटील, जत्रा, पूर, सगळं यथासांग. यातली मेख अशी की दरवाज्याला इशारा मिळतो तो त्या बाहुल्याच्या कमरेतून. कमरेत एक स्विच बसवलाय. बाहुला पूर्ण वाकला की तो दाबला जातो, मग दरवाजा सरकतो आणि गाडी पुढे जाते. तो अर्धवट वाकला तर पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या जिथल्या तिथे उभ्या. ही कंबर सांभाळायचं काम धम्मपालदादांचं.

राइड बांधत होते तेव्हा बाहुले बनवणाऱ्या एजन्सीला 'अस्सल मराठी चेहरे' हवे होते. फिटिंगच्या माणसांतूनच त्यांनी चारपाच निवडले आणि खुर्चीवर बसवून चहूबाजूंनी फोटो काढले. दादांना सांगितलं, गावातल्या एका म्हाताऱ्यासाठी चेहरा हवाय. दादा खूश. घरी गेल्यावर आईला सांगून मोकळे झाले की तुझ्या लेकाचा पुतळा बसणार आहे. आईने, म्हणजे रखमाबाईंनी, तळवलीच्या विहारात पेढे वाटले.

रबरी चेहरे खोक्यांतून आले, त्या दुपारी मी केबिनमध्येच होते. वेशीच्या पडद्यावर दिसलं, दोघा पोरांनी राखणदाराच्या डोक्यावर चेहरा चढवला, मिशी बसवली आणि हवा सोडली. बाहुला वाकला. दादा समोर उभे होते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दादा हलले नाहीत. बाहुला पुन्हा उठला, पुन्हा वाकला, "जोहार, मायबाप." एवढं झाल्यावर दादा मागच्या दाराने निघून गेले.

संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला भेटले. मी आपली नेहमीची थट्टा करायला गेले, "काय दादा, हिरो झालात."

"ताई, तो बाहुला वाकून बोलतो ना, तो शब्द आमी घरात उच्चारत नाय," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील सिताराम. गावकीची पाळी त्यांच्या घरावर असायची. काठी घेऊन वेशीवर बसायचं, येईल त्याला वाकून जोहार घालायचा, मेलेलं ढोर ओढायचं, त्याबद्दल दारोदार शिळी भाकर मागायची. धम्म घेतल्यावरही गाव ती पाळी सोडायला तयार नव्हतं. एक दिवस सिताराम चावडीवर गेले, काठी पाटलासमोर जमिनीवर ठेवली आणि ताठ उभे राहिले. वाकले नाहीत. गावाने त्यांना तिथेच मारलं, उजवा हात कायमचा गेला. रखमाबाई पोटुशी होत्या, धम्मपाल पोटात. विहिरीवर पाणी बंद, दुकानात मीठ बंद, शेवटी नवरा-बायको मिळेल ते उचलून निघाले. "मला बापानं काय दिलं आसंल तर येवढंच," दादा म्हणाले. "आन आता माझंच तोंड लावून..." चहा तसाच गार झाला.

मी म्हटलं, "समाजाच्या संघटनेला सांगा. मोर्चा काढतील, बोर्डासकट उचकटतील सगळं."

"पेपरात फोटो येईल ना ताई. कुनाचा येईल? माझाच. आई पेपर वाचत नाय, पन विहारातल्या समद्या वाचत्यात."

मला राग आला. आधी त्यांच्यावर आला, मग कळलं की तो त्यांच्यावर नव्हे.

ते मनाली मॅडमकडे गेले. सोबत म्हणून मीही गेले, कारण दादा ऑफिसच्या गालिच्यावर पाय ठेवताना कचरतात. मागणी साधी होती. गोष्ट तुमची, ठेवा, फक्त माझा चेहरा काढा. बाई वाईट नाहीत. त्यांनी दादांना बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं ऐकलं, डोळ्यांत पाणीही आणलं. मग म्हणाल्या, "पण काका, तो गावाचा रक्षक आहे. आम्ही त्याला रिस्पेक्टनेच दाखवलंय. ट्रायलच्या पब्लिकला सगळ्यात जास्त तोच आवडला." नवीन चेहरा परदेशातून यायला पावसाळा उजाडेल आणि उद्घाटन तोंडावर आलंय. शिवाय जाहिरातीच्या व्हिडिओत बाहुल्याशेजारी दादांनीच उभं राहावं, अशी त्यांची कल्पना होती. बाहेर आल्यावर मी शिवी दिली. दादांनी दिली नाही.

उद्घाटनाआधी कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी एक दिवस ठेवला होता. रखमाबाई येणार म्हणजे येणारच. ऐंशीच्या घरातली बाई, पांढरंशुभ्र लुगडं नेसून सकाळीच गेटवर हजर. दादांनी रडकुंडीला येऊन मला विचारलं, "पडद्यावर काय दिसलं तर बोलाल का?" मी म्हटलं, माझे डोळे अधू आहेत.

त्यांनी बाहुल्याच्या कमरेची हवा तोडली, तोंडातल्या स्पीकरची वायर काढली आणि कमरेचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवला. त्या दिवशी राखणदार वाकला नाही, बोलला नाही. काठी घेऊन ताठ उभा राहिला आणि दरवाजा आपोआप उघडला. रखमाबाई गाडीतून उतरल्या त्या हसतच. "माहं लेकरू कसं फौजदारावानी उभं व्हतं वं," असं मला, लॉकरवाल्या मुलीला, पार्किंगच्या माणसाला, सगळ्यांना सांगितलं. दादांकडे बघून मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना वडापाव खाऊ घातला.

दुसऱ्या दिवशी तपासणीत चिकटपट्टी सापडली. सुरक्षेशी खेळ म्हणून मेमो मिळाला. पुन्हा झालं तर थेट घरी, असं बजावलं. वर कंबर पहिल्यासारखी करण्याचं काम दादांनाच दिलं. त्यांनी हवा जोडली, वायर जोडली, सांध्याला ग्रीस लावलं. बाहुला पूर्ण वाकतोय की नाही ते बघायला वरचे साहेब शेजारी उभे होते. दादांनी त्याला परत परत वाकवून दाखवलं. पडदा बंद करण्याची सोय माझ्याकडे नाही.

पार्क सुरू झालं. दादा रोज सकाळी ग्रीस लावायचे आणि दिवसभर वर्कशॉपमध्ये बसायचे. आईला सांगितलं होतं की तिकीट फार महाग आहे, एकदा बघितलंस तेवढं पुष्कळ. पण रखमाबाईंनी विहारात इतकं कौतुक केलं होतं की बायकांनी भिशीच्या पैशांतून टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. लेकाला चकित करायचं म्हणून कुणी त्याला सांगितलं नाही.

पब्लिक गाडीत चढतं त्या फलाटाच्या पडद्यावर मला एकदम पांढऱ्या साड्या दिसल्या. पहिल्या बाकावर रखमाबाई. मी वॉकीटॉकीवर दादांना सांगितलं, "दादा, आई आलीय. गाडीत बसली." पलीकडून नुसता पळण्याचा आवाज आला.

गाडी वेशीवर थांबली. रखमाबाई बाजूच्या बाईला बोटाने दाखवत होत्या, तो बघ. राखणदार कमरेत वाकला. "जोहार, मायबाप." दरवाजा सरकू लागला. रखमाबाईंनी पट्टा काढला आणि त्या उभ्या राहिल्या. गाडीत कुणी पट्टा काढला की राइड स्वतःहून बंद पडते. दिवे लागले, दरवाजा अर्ध्यात अडकला, मागच्या गाड्या बोगद्यात जिथल्या तिथे थांबल्या. आणि बाहुला वाकलेलाच राहिला.

अशा वेळी आत जाऊन माणसं मोकळी करायची पाळी देखभालीच्या माणसाची. दादा धापा टाकत वेशीवर आले. तिथला माइक चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं.

रखमाबाईंनी बाहुल्याकडे बघितलं, मग दादांकडे. "तोंड तुहंच हाये ना?"

"हां आई."

"त्या दिशी उभा व्हता."

"त्या दिशी मी त्याची हवा काढली होती. तू येनार म्हनून."

"मंग आज काढ."

"न्हाई काढता येत आई. त्या दिशीचं धरलं, परत केलं तर नोकरी जाईल. मागं गाड्या अडकल्यात. लेकरं रडायलीत." खरंच रडत होती, बोगद्याच्या पडद्यावर मला दिसत होती. एक बाप गाडीचा कठडा लाथेने ठोकत होता.

"मंग जाऊ दे त्यास्नी. दार उघड."

दादा म्हणाले, "तो वाकल्याबिगर दार उघडत न्हाई आई. तसंच बनवलंय."

रखमाबाई गाडीतून उतरल्या. दादांनी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. "तुहा बाप वाकला न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याच्यासाठी बी दार उघडलं न्हाई. आपुन गाव सोडलं." मग त्या बाजूच्या वाटेने बाहेर चालू लागल्या. बायका एकेक करून त्यांच्यामागे गेल्या. कुणीही दादांशी बोललं नाही. विहारात रोज भेटणाऱ्या बायका होत्या.

वॉकीवर मनाली मॅडमचा आवाज आला, किती वेळ, काय चाललंय, पब्लिक तक्रार करतंय. बंद पडलेली राइड सुरू करताना बाहुला आधी सरळ होतो आणि मग पहिल्यापासून वाकतो. त्याची चावी वेशीजवळच्या पेटीत असते. दादांनी पेटी उघडली. चावीवर हात ठेवून ते थांबले. मी वॉकी उचलली आणि परत खाली ठेवली.

त्यांनी चावी फिरवली. राखणदार सरळ झाला, मग वाकला, आणि ते दोन शब्द बोलला. दरवाजा पूर्ण उघडला. बायकांची रिकामी गाडी आत गेली. पाठोपाठ दुसरी गाडी वेशीवर आली, तिच्यातल्या पोरांनी राखणदाराला हात हलवून टाटा केला.

तासाभराने मी कामावरून सुटले. रखमाबाई बाहेरच्या कट्ट्यावर एकट्याच बसल्या होत्या, बाकीच्या ट्रॅव्हलरमध्ये चढल्या होत्या. दादा वर्कशॉपकडून आले आणि आईसमोर उभे राहिले. म्हाताऱ्या बाईने वर बघितलं.

"उघडलं का दार?"

"उघडलं."

"समदे गेले आत?"

"गेले."

रखमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मंग तू बी ऱ्हा आतच," म्हणाल्या आणि ट्रॅव्हलरकडे चालू लागल्या.