राखणेक कोण आसा?

मंजुळा महादेव गांवस. वय अंदाजे पंचावन्न. तालुका पेडणे. धंदा: काजू, भाजी आणि तोंड. भाषा: मराठी; ती खोडून कोंकणी; तीही खोडून ‘दोन्ही, भांडताना मालवणी’. गोवा राज्य होऊन वर्षही झाले नव्हते आणि चौकशीला आलेल्या मामलेदाराला कुठलाच पक्ष दुखवायचा नव्हता.

तिच्या अर्जावर चौकशी एवढीच, की मंजुळा मुंडकार की चौकीदार? मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत स्वतःचे घर करून राहिलेला माणूस; कायद्याने त्याला हलवता येत नाही. चौकीदार हा नोकर. मालकाने सांगितले की बोचके उचलायचे.

भाटकार होते सिकैरा. पहिल्या सिकैराने गव्हर्नराच्या घोड्यांना भर पावसाळ्यात सुके गवत पुरवले, म्हणून ‘बारांव’ हा किताब मिळाला. दुसऱ्याने डोंगर पत्त्यांत घालवला. तिसऱ्याने काहीच केले नाही. घराण्याच्या इतिहासात तोच भरभराटीचा काळ. तो रोज दिवेलागणीला बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पायऱ्यांवरच्या सोप्यात, उभा राहून विचारी, “राखणेक कोण आसा?” खालून मंजुळाचा सासरा, मग नवरा, मग ती स्वतः ओ देई, “हांव आसां, बाब.”

बारांव वारला, वारस लिस्बनला गेले, घराला कुलूप लागले. हाक तेवढी चालू राहिली, म्हणून ओ देणेही चालू राहिले. न दिल्यास काय होते, ते मंजुळाला एका तापाच्या दुखण्यात कळले होते. हाक पुन्हा येते, आणि दर खेपेला जरा जवळून येते.

वारसांचा मुखत्यार, म्हापशाचा मधुकर शेट्ये, मामलेदाराला मुद्दाम तिन्हीसांजेला घेऊन आला.

“ही बाई रोज कबूल करते साहेब, की राखणीला मी आहे. सगळी वाडी ऐकते.”

“कबूल करते? कोणाकडे?”

“तसं... कोणाकडेच नाही.”

तेवढ्यात बंद घराच्या बाल्कांवातून हाक आली.

मंजुळाने पदराचा बोळा तोंडात कोंबला. आज ओ दिली की घर गेले.

“ओ द्या की मावशी,” मधुकर गोडीने म्हणाला.

तिने बोळा काढला. “म्हणजे तुमकांय आयकूं येता?”

“येतं तर!”

“मगे तुमीच दियात. मोठां घर तुमच्या धन्याचां, माझां न्हय.” बोळा परत तोंडात.

दुसरी हाक पायऱ्यांवरून आली. मामलेदाराने पेनाला टोपण लावले.

तिसरी मधुकरच्या कानाशी आली. मागे कोणी नव्हते. त्याचा शर्ट मात्र, कोणी खांद्यावर हात ठेवावा तसा, दबला.

“हांव आसां, बाब,” मधुकर म्हणाला. भाषेच्या वादात तो आदल्या साली मराठीच्या मोर्चात सर्वांत पुढे होता.

आज्ञापत्र महिनाभरात निघाले: सदर अर्जदार मुंडकार असून, सदर वास्तूस चौकीदार नेमलेला नाही व त्याची आवश्यकताही आढळून येत नाही.

दिवेलागणीच्या आत पोचायचे म्हणून मधुकर रोज साडेचारची म्हापसा–पेडणे बस पकडतो.