नुसते ओठ हलवा

माझा राग चीनवर नाही. पुढे त्या देशाशी आपलं काय बिनसलं ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. माझा राग एका हेडमास्तरांवर आहे, गावच्या शाळा समितीवर आहे, आणि केळीच्या बागांतून स्वच्छ कपडे घालून आलेल्या त्या पुढच्या रांगेवरही थोडा आहे, जरी त्या मुलांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. इतकी वर्षं झाली, म्हणून राग निवला असेल असं कोणी समजू नये.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. हिंदी-चिनी भाई-भाईच्या घोषणांचे दिवस होते. मी वसईत पापडीजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि सांडोरहून चालत जात-येत होते. एके दिवशी समितीचे अध्यक्ष, स्वतः मोठे बागायतदार, बातमी घेऊन आले. चिनी शेतकी पाहुणे मुंबईला येणार आहेत, तिथून वसईच्या केळीच्या बागा आणि उन्हात वाळवलेली सुकेळी पाहायला येणार आहेत आणि आपल्या शाळेतली मुलं त्यांचं चिनी भाषेत स्वागत करणार आहेत. मुंबईतल्या कुठल्याशा उत्साही मंडळींनी त्यासाठी एक ग्रामोफोन आणि चिनी शिकवायच्या तबकड्या पाठवल्या होत्या. सोबत चित्रांचा एक तक्ता होता. माणूस हात जोडतो, त्याखाली एक चौकोनी अक्षर. बाई चहा देते, त्याखाली दुसरं.

हेडमास्तरांनी हे काम माझ्या गळ्यात मारलं. चिनीची काही परीक्षा नव्हती, म्हणून शाळेच्या वेळात शिकवायची त्यांनी परवानगी दिली नाही. शाळा सुटल्यावर शिकवा म्हणाले. शाळा सुटली की बागायतदारांची मुलं घरी जात. दूध, खाणं, मग शिकवणी. मागे राहत ती खाडीकडची, मिठागरातली मुलं. हंगामात त्यांची आईबापं अंधार पडेपर्यंत आगरावरच असत, घरी जाऊन करायचं काय? तेव्हा चिनी शिकली ती ही मुलं.

तबकडी मोठी गमतीची होती. एक बाई एक वाक्य बोलायची आणि मग गप्प व्हायची. तेवढ्या वेळात ऐकणाऱ्याने ते वाक्य म्हणायचं, मग ती पुढचं बोलायची. चावी भरायची, सुई ठेवायची, कर्ण्यासमोर मुलं मांडी घालून बसायची. "नी हाव," बाई म्हणायची. जरा थांबायची. "नी हाव," माझी मुलं म्हणायची. बोलणं एखाद्या चालीसारखं वरखाली जायचं. माझी जीभ त्यात अडखळायची, मुलांची अडखळत नसे.

त्यांत तिसरीतली एक मुलगी होती. तिच्या बापाचं मिठागरावर काम होतं. वर्गात ती तोंड उघडत नसे, कारण हेडमास्तरांच्या पट्टीची तिला भीती होती. कोणी 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हटलं की ते बोटांच्या पेरांवर पट्टी मारत. खाडीकडच्या पोरांची बोटं त्यामुळे कायम सुजलेली असत आणि मुलं बोलायचीच बंद झाली होती. चिनीत मात्र हेडमास्तरांना मारायला काही सापडेना. त्यांना ती भाषा येतच नव्हती. ती मुलगी आधी हळू बोलायला लागली, मग मोठ्याने, मग तबकडीतल्या बाईच्या पाठोपाठ इतकं हुबेहूब बोलू लागली की डोळे मिटले तर कोण कुठलं ते कळू नये. ग्रामोफोनही तीच लावायची. सुई कुठे ठेवली की कुठलं वाक्य लागतं ते तिला पाठ होतं.

हंगामात बाप तिला शाळेतून काढणार होता, हे मला माहीत होतं. मी त्याला भेटायला गेले. तो बोलला कमी. शेवटी म्हणाला की पोरगी पाहुण्यांपुढे उभी राहून बोलली आणि ते आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलं, तर चौथी करू देईन. मी म्हटलं, पुढच्या रांगेत मधोमध उभी दिसेल, येऊन बघा. माझ्या मनात त्याबद्दल काहीच शंका नव्हती. तिच्याहून चांगलं बोलणारं दुसरं होतं कोण?

पाहुणे यायला आठवडा उरला तेव्हा समितीची बैठक झाली आणि पुढे कोण उभं राहणार ते ठरलं. अध्यक्षांची नात, पानवेलीवाल्यांची दोघं, चर्चच्या शेजारी घर असलेल्या एका बागायतदारांची तिघं. हिंदू-ख्रिस्ती दोन्ही बाजूंचा मान सांभाळला होता, त्यात कोणी काडीची चूक काढली नसती. पाहुण्यांसाठी केळी त्यांच्या बागांतली, सुकेळी त्यांच्या घरची, तेव्हा मुलंही त्यांचीच. खाडीकडच्या मुलांचं नावसुद्धा निघालं नाही.

मी हेडमास्तरांना म्हटलं, या मुलांना चिनीचा एक शब्द येत नाही. ते हसले. त्यांना उपाय सापडला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

"बाई, पाहुण्यांना शुद्ध उच्चार ऐकवायचे ना? तबकडीहून शुद्ध कोण बोलणार? पडद्यामागे ती लावायची. पुढची मुलं नुसते ओठ हलवतील, सिनेमातल्यासारखे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाटेल ते बोलले. मिठागरवाल्या मुलीच्या बापाला दिलेल्या शब्दाबद्दलही सांगितलं. ते म्हणाले, तिलाही काम दिलंय की, ग्रामोफोन तीच लावेल. आणि पुढे उभं करायचं ते बघू, आयत्या वेळी बघू. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला कळायला हवा होता, पण मी त्या शब्दाला धरून बसले आणि मुलीलाही तसंच सांगितलं.

तालमी मात्र छान झाल्या. इतक्या छान की हेडमास्तर टाळ्या वाजवत. तबकडीतली बाई बोले, पुढची मुलं ओठ हलवत. मग बाई गप्प होई, तरी आवाज येतच राही आणि मुलं ओठ हलवतच राहत. त्यात काही विचित्र आहे हे समितीतल्या एकाच्याही ध्यानात आलं नाही. ती तबकडी एवढ्या मोकळ्या जागा सोडून बोलते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शिकायला कधी बसले होते? पडद्यामागे ती मुलगी सवयीने दर वाक्य बाईच्या पाठोपाठ म्हणत होती, आणि हेडमास्तरांना वाटे सगळं यंत्रातूनच येतंय. मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांना सांगायची माझी इच्छाच मेली होती.

तो दिवस उजाडला. अंगणात मांडव, आंब्याची तोरणं, टेबलावर केळीच्या पानांत गुंडाळलेली सुकेळी. पाहुणे आले. साधी, निळ्या कपड्यांतली माणसं होती, उगाच मोठेपणा दाखवणारी नव्हती. कुंपणापाशी मला तिचा बाप दिसला. धुतलेला सदरा घालून आला होता. मी हेडमास्तरांकडे गेले. आता तिला पुढे घ्या म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "आता रांग मोडायची नाही," म्हणाले, आणि पाहुण्यांकडे हात जोडून वळले.

पडद्याला फट होती. त्यातून मुलीला तिचा बाप दिसत होता. पुढच्या रांगेतला एकेक चेहरा तो पाहत होता, मग दुसरी रांग, मग परत पहिली.

तबकडी लागली. बाई बोलली, मुलांचे ओठ हलले. बाई गप्प झाली. मुलांचे ओठ हलतच राहिले, आवाज मात्र आला नाही. पुन्हा बाई बोलली, पुन्हा शांतता, आणि त्या शांततेत सहा बागायती तोंडं उघडमीट करत होती. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. हेडमास्तर डोळे वटारून मला खुणा करत होते. यंत्र बिघडलं असं त्यांना वाटलं. मी पडद्यामागे गेले. यंत्र व्यवस्थित चाललं होतं. मुलगी चावी हातात धरून बसली होती, ओठ घट्ट मिटून.

"बोल ना गं," मी म्हटलं.

"नाय बाय. तेंच्या तोंडात माजा बोलना नाय घालनार."

मी तो पडदा दोन्ही हातांनी धरून ओढला. दोरीसकट खाली आला. ओढला ते बरं केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा ओढेन. सगळ्यांना दिसलं, ग्रामोफोन आणि त्याच्यामागे उठून उभी राहणारी मुलगी. पाहुण्यांतल्या एक वयस्कर बाई उठून तिच्यापाशी आल्या आणि तिला चिनीत काहीतरी विचारलं. मुलीने मान वर केली, तिला ते समजलं होतं, मी तिचा चेहरा पाहिला आहे. तिने तोंड उघडलं तोच हेडमास्तर दोघींच्या मध्ये घुसले, सुकेळ्यांचं ताट त्या बाईंच्या हातात दिलं आणि जोरात टाळ्या वाजवायला सुरुवात केली. समितीने वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कार्यक्रम छान झाला असं अध्यक्ष भाषणात म्हणाले.

कुंपणापाशी पाहिलं तर बाप निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. संध्याकाळी मी आगरावर गेले. ती बापाच्या पलीकडे टोपलीत मीठ भरत होती, माझ्याकडे पाहून हसली आणि पुन्हा कामाला लागली. मी बापाला सगळं सांगितलं. पुढे उभं राहायचा मान तिचाच होता, तो तिच्याकडून हिसकावून घेतला, मी भांडले, अजून भांडेन. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बाय, तुमी खोटा नाय बोलल्या," तो म्हणाला. "पोरीला येतं, मना ठावं हाय. घरान बोलते ना. पन तुमच्या साळंला तिचा तोंड नको, हात पायजेत. हात तं मनाबी पायजेत."