स्टॅबिलायझर काढल्यावर

दादाच्या गिटारचा आवाज माझ्याकडं चाळीस सेकंद शिल्लक आहे, त्याच्याच जुन्या मोबाइलमध्ये. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. डेंग्यूनं गेला, त्याला सहा वर्षं झाली. मुदखेडजवळच्या आमच्या गावात बसून तो जुन्या इंग्रजी रॉकचा आवाज काढायचा, जाड, फाटका आणि शेवटी रडवेला. तो मला पुन्हा एकदा ऐकायचा होता, मोबाइलमधला नाही, खोलीतला. वाजवायला त्यानंच शिकवलेलं. गिटार त्याची, जुन्या रेडिओसारखा काचेच्या वॉल्व्हचा अॅम्प त्याचा, आवाज फाडणारं फझचं पेडलही त्याचंच. तरी नांदेडच्या माझ्या फ्लॅटमध्ये दोन वर्षं आवाज निघायचा तो कोरा करकरीत, दुकानातला. वॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, काही उपयोग नाही. बायको एकदा म्हणाली, "भूत उतरवायचंय की चढवायचंय तुम्हाला?" मी तिच्यावर डाफरलो.

यंदा गावी जाताना गिटार आणि स्टॅबिलायझरसकट अॅम्प गाडीत टाकला. गावात अण्णा, म्हणजे वडील, एकटेच असतात. दादा गेल्यापासून त्यांनी त्याचं नाव काढलेलं नाही, आणि आम्हालाही काढू दिलेलं नाही.

आमच्याकडं विजेची वस्तू घरात आली की तिला आधी कुंकू लागतं आणि मग स्टॅबिलायझर. दादाचा अॅम्प नांदेडला आणला त्याच दिवशी मीही त्याला स्टॅबिलायझर जोडला होता. केवढा माझा शहाणपणा! गावात दुपारी शेतीपंपांची लाइन आली, शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि घरातला बल्ब पिवळा पडला. स्टॅबिलायझर टकटक करून बंद पडायला लागला. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर मी वैतागून तो उपटला आणि अॅम्प सरळ बोर्डात लावला.

पहिला सूर वाजवला आणि माझा हात थांबला. कमी विजेवर अॅम्प धापा टाकत होता. सूर आधी दबायचा, मग फुगून वर यायचा. हाच तो आवाज. दादानं स्टॅबिलायझर कधी घेतलाच नव्हता, 'बघू नंतर' म्हणायचा, आणि वाजवायचा तो मोटारी सुरू झाल्यावरच.

चाळीस सेकंदांतलं सगळं वाजवून झालं तरी मी थांबलो नाही. पुढचं मला येत नव्हतं, बोटं मात्र चालली होती. वाजवत राहायची भीती वाटली. थांबायची त्याहून जास्त.

तेवढ्यात ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या अण्णांची हाक आली.

"मोठ्या, वावरातला पाण्याचा दंड फुटला का बघून ये की रं."

मोठ्या म्हणजे दादा. मला घरात धाकट्या म्हणतात. आणि माझ्या तोंडून गेलं, "हाव, जातो."

अण्णा दारात आले. आधी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्यामागच्या रिकाम्या कोपऱ्यात, मग पुन्हा माझ्याकडं.

"तू व्हय," म्हणाले.

इतकं हळू म्हणाले की मला मी असल्याची लाज वाटली. मी गिटार खाली ठेवायला लागलो.

"ठिऊ नको," अण्णा म्हणाले. "लाइन हाय तवर वाजीव. मी भाईर बसतो, तिकडं तोंड करून."