लटपट

लॅटव्हियाकाकांनी लॅटव्हिया कधी पाहिला नव्हता. परंतु तेथील सैनिकाच्या कोटाला किती खिसे असतात, हे ते झोपेतही सांगू शकत. परदेशातील एका शहरात, बिशान भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मी भाड्याने राहत असे. मूळचे पुण्याचे हे गृहस्थ दिवसभर एका बँकेच्या संगणकप्रणाली सांभाळत आणि उरलेल्या वेळात त्या देशाचे लष्करी गणवेश, टोप्या, पाठपिशव्या जमवत.

"लॅटव्हियाच का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारले.

"अगं, मोठ्या देशाचं जमवायला जन्म पुरत नाही. लहान देश घ्यावा. निवृत्तीच्या आत पुरा होतो."

पीएचडीचा विषय निवडताना हे मला कोणीही सांगितले नव्हते.

त्या गणवेशांवरील हिरव्या-तपकिरी चौकोनी ठिपक्यांच्या नक्षीला 'लॅटपॅट' म्हणतात. काकूंनी तिचे केव्हाच 'लटपट' करून टाकले होते. "लपायचे कपडे, आणि हे आल्यागेल्याला दाखवत बसतात!"

काकांचा नियम एकच: कापडाला घरचा साबण लागता कामा नये. साबणातील शुभ्रतेचे द्रव्य धाग्यांत राहते आणि अतिनील प्रकाशात निळे चमकते. मग लपण्यासाठीचे कापड लपत नाही. मी नोव्हेना भागातल्या प्रयोगशाळेत काम करते म्हटल्यावर तपासनिसाचे पद आपोआप माझ्याकडे आले. त्या शहरातील फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर म्हणून लोखंडी दाराची, बिनखिडकीची खोली असते. त्या अंधारात आम्ही प्रत्येक नव्या वस्तूवर माझा अतिनील टॉर्च धरत असू. कापड काळे राहिले, की काका गरजत, "पास!" बाहेरून काकू, "युद्ध संपलं असेल तर तांदळाचा डबा द्या!"

संग्रहात एकच उणीव होती, हिवाळी कोटाची. कित्येक वर्षे शोधल्यावर एका निवृत्त सैनिकाकडून तो मिळाला. पार्सल आले तेव्हा काका ऑफिसात होते. 'कुणाच्या अंगातला घाम कोण जाणे' म्हणून काकूंनी तो भिजवला, घासला, वाळवून इस्त्रीही केली.

"एक डाग ठेवला नाही हो!" संध्याकाळी त्यांनी कौतुकाने सांगितले.

शेल्टरमध्ये मी टॉर्च लावला. कोट चांदण्यासारखा निळा उजळला. कारण समजावून सांगायला मी तोंड उघडणार, तोच काकांनी टॉर्च विझवला.

"काय हो, पास की नापास?" काकूंनी बाहेरून विचारले.

"पास! संग्रह पुरा झाला!" काका नेहमीसारखेच गरजले. मग मला हळूच म्हणाले, "कापडाला नाही जमलं, तर माणसानं थोडी लटपट करावी."

पुढे मला उत्तरेकडील एका थंडगार विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली. निघताना काकांनी तोच कोट माझ्या हाती दिला.

"अहो, संग्रह अपुरा राहील!"

"राहू दे. तिकडे थंडी खरी असते."

"धुतलेला आहे गं, बिनधास्त घाल," काकू म्हणाल्या.

त्या कोटाला मी अजून पाणी लावलेले नाही. काकूंचा तो निळा उजेड उतरेल अशी धास्ती वाटते. फोनवर मात्र त्या नेमाने विचारतात, "कोट धुतेस ना अधूनमधून?"

"धुते तर, काकू!"

आणि मागून काकांचा आवाज येतो, "पास!"