गुरुजींची जीप आणि पुलीवरची खूण

इचोड्याजवळच्या जुन्या रोडवर चढाच्या मधोमध गुरुजींची जीप उभी राहिली. बॉनेटखालून वाफ निघाली. मिलिंदने उतरून चाकाला दगड लावला आणि बापाला म्हणाला, "झालं बाबा. आता भंगारवाल्याले फोन लावतो."

गुरुजी रिटायर मास्तर. जीप त्यांची, पेट्रोलची, जवळपास माझ्या वयाची. मिलिंद त्यांचा मुलगा, आदिलाबादला ऑफिसात क्लार्क. मागच्या आठवड्यात याच चढावर जीप बंद पडली आणि मागचा ट्रक वीतभरावर येऊन थांबला. तेव्हा पोरानं बापाकडून कबूल करून घेतलं होतं, मिस्त्रीनं हात लावूनही चढली नाही तर काढून टाकायची. मिस्त्री म्हणजे मी. मागच्या सीटवर बसलेलो.

"काका, तुमी तर म्हणे टायमिंग लावलं."

"लावलं. लाईट मारून, खुणेवर."

टायमिंग म्हणजे काय ते सांगतो. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग प्लग ठिणगी टाकतो. ती नेमकी कधी पडावी, ते टायमिंग. उशिरा पडली तर गाडी ओढत नाही, तापते. फार लवकर पडली तर इंजिन आतून वाजतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टन जातो. ठिणगी वाटणारा डबा म्हणजे डिस्ट्रिब्युटर. तो केसभर फिरवला की टायमिंग मागेपुढे होतं. किती फिरवायचा ते बघायला इंजिनाच्या पुढच्या पुलीवर खूण असते; चालत्या इंजिनावर टायमिंगचा लुकलुकणारा लाईट मारला की ती दिसते.

जीपची लक्षणं उशिरा ठिणगीची होती. खूण तर बरोबर जुळत होती. मी वाकून पुलीकडे बघत राहिलो, आणि आठवलं. ही पुली या इंजिनाची नव्हतीच. जुनी तुटली तेव्हा दुसऱ्या गाडीची मीच बसवली होती. खूण खोटी, आणि ती खोटी करणारा मीच.

इतकी वर्षं कळलं काऊन नाही? कारण मी खुणेकडे कधी बघितलंच नाही. पत्रे ठोकून ठोकून माझे कान केव्हाच गेले. ट्रायलला माझी बायको कांता शेजारी बसायची. मी चौथीपर्यंत शिकलो, ती शाळेतच गेली नाही. पण चढावर इंजिन वाजलं की म्हणायची, "लाह्या फुटून राह्यल्या, मागं घ्या." मी उतरून डबा मागे फिरवायचो. गिऱ्हाईक म्हणायचं, मिस्त्रीचा कान लय तेज. मी मान डोलवायचो. ती पदराआड हसायची, पण कधी बोलली नाही. या पोळ्यानंतर ती गेली. मग मी टायमिंगचा लाईट विकत आणला.

हे गिऱ्हाइकाला सांगायचं म्हणजे धंद्याची लाज. पण गुरुजी मडगार्डवर हात ठेवून उभे होते. मी सांगून टाकलं.

मिलिंद बघतच राहिला. "म्हणजे तुमाले ऐकूच येत नाही?"

"बोलणं येतं. ते बारीक येत नाही. तू ऐक."

"मले काय कळते त्यातलं?"

"ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखं वाजलं की सांग. वाजेपर्यंत पुढं घेतो, मग केसभर मागं."

"बस ना बे," गुरुजी म्हणाले. "भंगारवाला कुठं पळून चालला?"

इंजिन निवू दिलं, पाणी भरलं, जीप खाली घेतली. मी डबा पुढे फिरवला. गुरुजींनी चढ धरला. अर्ध्यावर जीप पुन्हा मेली. "काहीच नाही वाजलं," मिलिंद म्हणाला. परत खाली. डबा आणखी पुढे. या वेळी जीपनं ओढ धरली. मिलिंदनं मान तिरकी केली आणि ओरडला, "वाजलं! काका, खरंच लाह्या!"

मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विश्वास ठेवला. उतरलो, केसभर मागे घेतलं, बोल्ट आवळला.

तिसऱ्या खेपेला जीप गिअर न बदलता माथ्यावर गेली. वाफ नाही, आवाज नाही. गुरुजींनी इंजिन बंद केलं नाही, हातही स्टेअरिंगवरून काढला नाही. पोरगा काय म्हणतो याची वाट बघत राहिले.

मिलिंद खाली उतरला, फिरून त्यांच्या बाजूला आला. "बाबा, सरका तिकडं. परत जाताना मी चालवतो."

दुसऱ्या दिवशी मी पुलीवरची ती खूण कानशीनं घासून टाकली. खोट्या खुणेपेक्षा खूण नसलेली बरी. आणि मिस्त्रीला ऐकू येत नसेल तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगावं. मी चाळीस वर्षं लावली.