उपांत्य सामना आणि तिठ्यावरचा बार

आमच्या मये गावातला ट्रान्सफॉर्मर नेमका विश्वचषकाच्या उपांत्य सामन्याच्या संध्याकाळी जळाला. समोरच्या संघाने धावांचा डोंगर रचला होता, आपल्या मुलींच्या दोन विकेट पडल्या होत्या, आणि तेवढ्यात टीव्ही बंद. मोबाइलचं नेटवर्कही गेलं.

माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर टीव्हीसमोर बसायला लागल्या आणि क्रिकेटच्या नादी लागल्या. पुरुषांचा सामना त्या भाजी निवडत बघतात. मुलींचा असला की हातात काही घेत नाहीत. माहेर पेडण्याचं. लहानपणी माडाच्या पिड्याची, म्हणजे झावळीच्या जाड देठाची, बॅट करून भावांबरोबर खेळायच्या, मोठ्या झाल्यावर ते बंद झालं. एवढंच एकदा सांगितलं होतं, तेही हसत.

त्या अंधारात व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होत्या. मलाही कुठे टेकवत नव्हतं.

"आता कितके झाले असतीत गो?"

"कसं कळणार, आई?"

"मग चल. स्कूटर काढ."

नवरा कारखान्यात दुसऱ्या पाळीला गेला होता, म्हणजे अडवणारं कोणी नव्हतं. कारापूरला नणंदेच्या दाराला कुलूप. डिचोलीच्या बाजारात टीव्हीच्या दुकानाचं शटर ओढलेलं. तिठ्यावरच्या बारमधून मात्र समालोचन ऐकू येत होतं. मी नुसता स्कोअर ऐकायला वेग कमी केला, तर आई म्हणाल्या, "थांब."

जन्मात त्या बारची पायरी चढल्या नव्हत्या. मीही नाही.

आत खनिजाच्या ट्रकांचे ड्रायव्हर होते, बांधकामावरचे दोघे-चौघे बेळगावकडचे होते, सगळ्यांच्या माना वर. आम्ही उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि तिसरी विकेट गेली.

"बायका आल्या नि विकेट गेली," कोपऱ्यातून एक ड्रायव्हर पुटपुटला.

आई त्याच्याकडे वळल्या. "पुता, आमी येवच्या आधी दोन गेल्यो. त्यो कोणामुळे?"

सगळे हसले. बारवाल्याने दोन खुर्च्या पुसून दिल्या, न मागता सोडा आणून ठेवला. पण आई खुर्चीच्या कडेलाच बसल्या. दोन-तीन षटकं गेली असतील, त्या माझ्या कानाशी आल्या.

"खरंच माझ्यामुळे तर नाय मां गो?"

"काहीतरीच काय, आई?"

तरी उठल्या. बाहेर जाऊन स्कूटरवर बसल्या, टीव्हीकडे पाठ करून. मी दारात उभी. एक डोळा पडद्यावर, एक त्यांच्यावर. चौकार गेला की सांगायचे, त्या पाठमोऱ्याच मान हलवायच्या. माझे पाय भरून आले, तरी आत बसावंसं वाटेना. मग जमलेली जोडी फुटली. चौथी विकेट. मी सांगण्याआधीच आतल्या आवाजावरून त्यांना कळलं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

तेवढ्यात तोच ड्रायव्हर बाहेर आला. "मावशी, तुमी भायर असताना पण गेली मगो. आता भितर येयात. माझ्या बोलण्याक काय अर्थ नाय."

त्या स्कूटरवरून उतरल्या. मग माझा हात धरून आत आल्या आणि खुर्चीवर मागे टेकून बसल्या. विजयी फटका गेला तेव्हा बेळगावचा एकजण टेबल बडवत होता. आई डोळे तेवढे पुसत राहिल्या.

अंतिम सामन्याला त्या पेडण्याला बहिणीकडे होत्या. मी घरी एकटी टीव्हीसमोर, फोन स्पीकरवर. त्यांच्याकडचा टीव्ही माझ्यापेक्षा थोडा पुढे चालत होता. प्रत्येक चेंडू आधी त्यांच्या आवाजात यायचा, "गे बाये", "नाय गो", आणि मग मला दिसायचा. तो ताण सोसवेना.

"आई, जरा गप्प राहा ना. माझ्या आधी सांगता तुम्ही."

"बरां, राहतंय," म्हणाल्या, आणि खरंच गप्प झाल्या.

प्रतिस्पर्ध्यांची शेवटची जोडी खेळत होती. फोनमधून फक्त पंख्याची घरघर येत होती. गोलंदाज धावत निघाली, आणि चेंडू तिच्या हातातून सुटण्याआधीच पलीकडे आई आणि त्यांची बहीण एकदम रडायला लागल्या. क्षणभर मला कळेना, हे हरल्याचं की जिंकल्याचं. मी पडद्याकडे बघत उभी राहिले.

मग माझ्याकडेही झेल उडाला आणि आपल्या मुलीच्या हातात बसला.